बंदीचे ६१ दिवस इंजिन कसं ठेवायचं : बर्फाच्या देशातलं पान आणि आपला पाऊस



मे सरत आला. घराघरांत पुरुमेंत भरायची गडबड आहे. सुकं खारं, मीठ, मिरच्या, आमसुलं, लाकडं, सगळं पाऊस लागायच्या आत आत घ्यायचं. १ जून ते ३१ जुलै बंदी. जाळी वर चढतील, होड्या झावळ्यांखाली जातील, ट्रॉलरवरचे कामगार आपापल्या गावाला निघतील. माणसांच्या पोटाची सोय आपण न चुकता करतो. इंजिनाची मात्र राहून जाते. इंजिन काढलं, मांगराच्या कोपऱ्यात टेकवलं, वर प्लास्टिक टाकलं, झालं काम.

गेल्या मोसमाच्या सुरुवातीला आपल्या एका सभासदाची होडी नदीच्या मुखावर बंद पडली, हे बहुतेकांना माहीत आहे. जेटीवर दोन ओढीत इंजिन चालू झालं होतं. सगळे खूश. वाळूच्या पट्ट्यावर पोचले, तिथे लाट फुटत होती, थ्रॉटल वाढवला आणि आवाज बदलला. इंजिन तापून जाम झालं. जोर गेला तशी होडी आडवी झाली आणि दोन लाटा सरळ आत आल्या. मागून दुसरी होडी येत होती, तिने दोर टाकला, म्हणून चौघेही घरी आले. इंजिन उघडल्यावर मिस्त्रीने आम्हाला बोलावून दाखवलं. थंड पाण्याच्या वाटा मिठाने आणि पांढऱ्या भुकटीने अर्ध्या भरलेल्या. पाणी ओढणाऱ्या पंपातला रबराचा इम्पेलर दोन महिने एकाच जागी दबून कडक झालेला, त्याची पाती एका बाजूला वाकलेली. आणि ज्या भोकातून पाण्याची धार बाहेर दिसते, त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. धार दिसत नाही हे घाईत कुणी बघितलंच नाही.

हे इंजिन समुद्रात बिघडलं नव्हतं. मांगरात बिघडलं होतं, जून-जुलैत, कुणी हात न लावता.

त्यातली अर्धी चूक आमची, म्हणजे सोसायटीची. दोन वर्षांपूर्वी आम्हीच सांगितलं होतं की इंजिन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, पाऊस लागणार नाही. ते चुकीचं होतं. का, ते खाली येईल. म्हणून यंदा आम्ही दोन मिस्त्र्यांना बसवून, इंजिनाबरोबर येणारं पुस्तक उघडून, नीट वाचून हे लिहितो आहोत.

पुस्तकात ‘हिवाळ्यासाठी इंजिन ठेवणे’ अशा अर्थाचं एक प्रकरण असतं. आपण ते पान उलटून पुढे जातो. गोव्यात कुठला बर्फ? पण ते पान वाचण्यासारखं आहे, कारण तिथली माणसं वर्षातले पाच-सहा महिने होडी बंद ठेवतात आणि वसंतात ती पहिल्या ओढीत चालू व्हावी लागते.

त्यांची अडचण अशी. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. बाटलीभर पाणी फ्रीजरमध्ये विसरलं की बाटली फुटते, तेच इंजिनात होतं. ब्लॉकच्या आतल्या वाटांत पाणी राहिलं आणि थंडी शून्याखाली गेली, तर बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक तडकतो. खाली गिअरच्या पेटीत सील फाटून पाणी शिरलेलं असेल, तर ते गोठून पेटीच फोडतं. म्हणून कॅनडा-नॉर्वेकडचे लोक पहिल्या थंडीच्या आत सगळं पाणी काढून टाकतात, जिथून निघत नाही तिथे न गोठणारं औषध फिरवतात, गिअरचं तेल बदलतात, सिलिंडरमध्ये तेल सोडतात, बॅटरी भरून ठेवतात. आउटबोर्ड सरळ उभं ठेवतात, कारण उभं असलं की पाणी आपोआप खाली गळून जातं.

आपल्याकडे पाणी गोठत नाही. पण आपल्या पाण्यात मीठ आहे, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. शेवटच्या फेरीनंतर इंजिन बंद केलं की आतलं पाणी हळूहळू सुकतं, मीठ तिथेच राहतं. मग पाऊस सुरू होतो. जुलैत आपल्याकडे हवेतला ओलावा ८५-९० टक्क्यांच्या घरात असतो. मिठाचा डबा पावसात कसा पाणी सुटतो ते घरातल्या बायकांना विचारा. इंजिनातलं मीठही तसंच हवेतून पाणी ओढतं आणि दोन महिने ओलं राहतं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी बोल्ट, मध्ये खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ती पांढरी भुकटी म्हणजे खाल्लेलं ॲल्युमिनियम. बर्फ एका रात्रीत ब्लॉक फोडतो. मीठ सावकाश काम करतं, पण ६१ दिवस त्याला पुरेसे आहेत.

तर त्यांच्या पानावरची बहुतेक कामं आपल्यालाही लागू आहेत. कारण वेगळं, काम तेच.

आधी आउटबोर्डचं बोलू, कारण आपल्या निम्म्याहून जास्त सभासदांकडे तेच आहे.

पहिलं आणि सगळ्यात मोठं काम गोड्या पाण्याने धुणं. वरून बादली ओतणं म्हणजे धुणं नव्हे. २०० लिटरचा ड्रम घ्या, त्यावर जाड फळी बांधा, इंजिन फळीवर आवळा, गोडं पाणी इतकं भरा की पाणी ओढायच्या जाळ्या चांगल्या बुडतील. पंखा आधी काढून ठेवा. मग न्यूट्रलमध्ये, हळू वेगात, दहा-पंधरा मिनिटं चालवा. एवढा वेळ का? इंजिनात थर्मोस्टॅट असतो. इंजिन थंड असताना तो बंद असतो आणि ब्लॉकमधून पाणी पुरतं फिरत नाही. साधारण ५०-६० अंशांना तो उघडतो, तेव्हा कुठे गोडं पाणी आतल्या वाटांत जाऊन मीठ विरघळवतं. दोन मिनिटं चालवून बंद केलं तर मीठ जिथल्या तिथे. ड्रममधलं पाणी खारट लागायला लागलं तर बदलून पुन्हा चालवा. आणि सुक्यात इंजिन कधीच चालवू नका, ‘फक्त आवाज ऐकतो’ म्हणूनसुद्धा नाही. पाण्याशिवाय रबराचा इम्पेलर बघता बघता जळतो. हे काम उघड्यावर करा, बंद मांगरात नको. त्या धुराने माणूस बेशुद्ध पडतो, कळतही नाही.

शेवटच्या चार-पाच मिनिटांत इंधनाची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्बोरेटर बराचसा रिकामा होतो. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढा. रॉकेलवर चालणारं इंजिन असेल तर आधी पेट्रोलवर आणा, रॉकेल पूर्ण जळू द्या, मग हे करा. आता पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं. ऑगस्टमध्ये नळी नेमकं तेच आधी ओढते. म्हणून पोर्टेबल टाकीत पेट्रोल ठेवून देऊ नका. एक सूचना, हसू नका, झालेलं आहे म्हणून सांगतो : टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मुलाच्या स्कूटरमध्ये ओतू नका. सोसायटीच्या होडीला जूनच्या आधी लागतं, ऑफिसात आणून द्या.

मग सिलिंडर. किल-स्विचची दोरी काढून ठेवा. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात एक छोटा चमचा टू-टी ऑइल सोडा, आणि दोरी हळूहळू आठ-दहा वेळा ओढा. तेल भिंतींना लागतं, गंज चढत नाही. प्लग परत लावा. दर पंधरा दिवसांनी दोरी सावकाश दोन-तीनदा ओढा, म्हणजे पिस्टन आणि इम्पेलर एकाच जागी चिकटून राहत नाहीत. ज्यांना इम्पेलर काढता येतो त्यांनी काढूनच ठेवावा. दोन मोसम झाले असतील तर नवा घ्या. एका इम्पेलरची किंमत आणि एका ब्लॉकची किंमत मिस्त्रीला विचारा.

आता खालचा गिअर. इथे आपले लोक सगळ्यात जास्त चुकतात. पंखा काढल्यावर शाफ्टवर नीट बघा. आपल्याच जाळ्याचा नायलॉनचा धागा तिथे गुंडाळलेला सापडतो, दहातल्या निदान तीन-चार इंजिनांवर आम्ही तो बघतो. फिरता फिरता धागा तापतो, आत सरकतो आणि सील कापतो. सील कापलं की खारं पाणी गिअरमध्ये. धागा सुरीने ओरबाडू नका, हळूहळू उलगडून काढा.

गिअर ऑइल काढताना आधी खालचा स्क्रू, मग वरचा. जे बाहेर येतं ते बोटांवर घ्या. काळपट किंवा मधासारखं असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. बर्फाच्या देशात अशी पेटी डिसेंबरात फुटली असती. आपल्याकडे फुटत नाही, म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि बेअरिंग नि दाते गंजत राहतात. दुधाळ तेल दिसलं की नुसतं तेल बदलून भागत नाही, सील बदलायला हवं, नाही तर पहिल्या फेरीला पुन्हा तेच. चुंबकाच्या स्क्रूवर बारीक काळा लेप असतोच, पण चकचकीत तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बंद करू नका. नवं तेल भरायचं ते खालून वर. खालच्या भोकातून दाबत राहायचं, वरच्या भोकातून बुडबुडे संपून निखळ तेल आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि पेटी अर्धीच भरते. स्क्रूखालचे वॉशर नवे. आणि हे सगळं बंदी लागताना करायचं, उठताना नव्हे. दुधाळ तेल दोन महिने आत ठेवून ऑगस्टमध्ये बदललं तर गंज चढून गेलेला असतो.

झिंकचे तुकडे निम्मे झिजले असतील तर बदला. ते झिजण्यासाठीच असतात, ते झिजतात म्हणून इंजिन झिजत नाही. होडी रंगवताना हौसेने झिंकवरही रंग मारणारे आहेत. रंग मारला की त्याचं काम बंद.

इंजिन ठेवायचं उभं, लाकडी घोडीवर. आडवं ठेवायची वेळच आली तर डोकं वर, पाय खाली उतरते. उलट ठेवलं तर पायात उरलेलं पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये जातं. आणि आता ते प्लास्टिक. घट्ट गुंडाळल्यावर बाहेरचा पाऊस आत येत नाही हे खरं, पण आतला दमटपणाही बाहेर जात नाही. रात्री गारवा आला की प्लास्टिकच्या आतून पाणी धरतं आणि थेंब इंजिनावर पडतात. जुनं सुती लुगडं किंवा गोणपाट घाला, वर छप्पर असू दे, खालून वारा खेळू दे. कव्हरच्या आत उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून डांबराच्या गोळ्या टाका. पाण्याची धार येते त्या भोकात कापडाची लाल चिंधी खोचा. लाल अशासाठी की ऑगस्टमध्ये काढायची आठवण राहावी. कुंभारीण माशीला तेवढंसं भोक फार आवडतं.

नदीला पूर येऊन मांगरात पाणी शिरलं आणि इंजिन बुडालं, तर ‘बघू चालू होतं का’ म्हणून दोरी ओढू नका. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, पाणी निथळू द्या, तेल सोडा, त्याच दिवशी मिस्त्री गाठा. हवा लागली की ओला गंज तासांत चढतो.

आता ट्रॉलरवाल्यांसाठी, थोडक्यात, कारण तुमच्याकडे तांडेल आणि मिस्त्री दोघेही असतात. असतात, पण मेच्या शेवटी. कामगार एकदा गावाला गेले की काम करायला कुणी उरत नाही, म्हणून ही कामं शेवटच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी.

इंजिन ऑइल बंदीच्या आधी बदला. जुन्या तेलात जळणाचं पाणी आणि आम्ल असतं, ते बेअरिंगवर दोन महिने बसवून ठेवू नका. इंजिन गरम करून काढा म्हणजे गाळही निघतो. डिझेलची टाकी पेट्रोलच्या उलट : पूर्ण भरा. रिकाम्या जागेत दमट हवा राहते, तिचं पाणी होऊन तळाला बसतं, आणि डिझेल नि पाण्याच्या मधल्या थरात बुरशीसारखी जिवाणूंची साय वाढते. फिल्टर चोंदतो तो त्याने. वॉटर सेपरेटरचं पाणी आत्ता काढा, ऑगस्टमध्ये पुन्हा काढा.

समुद्राच्या पाण्याची बाजू गोड्या पाण्याने धुऊन सी-कॉक बंद करा, गाळणी साफ करा, इम्पेलर काढून डब्यात ठेवा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा की इम्पेलर काढलेला आहे. चिठ्ठी विसरू नका. एक्झॉस्टच्या तोंडाला लाकडी बूच मारा, नाही तर पश्चिमेचा वारा पावसाचं पाणी थेट आत ढकलतो. त्याचीही चिठ्ठी. ग्लँडचं पॅकिंग बघा. होडी जेटीलाच तरंगत राहणार असेल तर थेंब थेंब गळणारी ग्लँड ६१ दिवसांत बरंच पाणी आत घेते.

कूलंटबद्दल नेहमी ऐकतो : ‘आपल्याकडे कुठे थंडी, विहिरीचं पाणी घातलं तरी चालतं.’ नाही चालत. गोठू न देणं हे कूलंटचं एक काम. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही, ते आपल्या काही कामाचं नाही, खरं आहे. पण त्यातच गंजरोधक औषध असतं आणि पाणी उकळायचं तापमानही त्याने वर जातं. ही दोन कामं आपल्याला रोज लागतात. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. म्हणून तयार कूलंट, किंवा डिस्टिल्ड पाण्यात पुस्तकातल्या प्रमाणात. जुनं कूलंट नदीत किंवा जेटीवर ओतू नका. ते विषारी आहे आणि चवीला गोड, कुत्री चाटतात. लहान मुलांपासूनही दूर ठेवा.

मध्ये मध्ये येऊन दोन मिनिटं इंजिन चालू करून जाणारे मालक आहेत. त्याने फायदा नाही, नुकसान आहे. जळणातून पाण्याची वाफ निघते, ती थंड इंजिनात तशीच बसते. चालवायचं तर पाणी जोडून, अर्धा तास, पूर्ण गरम होईपर्यंत. नाही तर स्टॉप ओढून हाताने फिरवा.

बॅटरी घरी न्या. तार काढताना आधी निगेटिव्ह. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. महिन्यातून एकदा मोजा, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. उतरलेली ठेवली तर प्लेटांवर थर बसतो आणि मग ती भार घेत नाही. बर्फाच्या देशात उतरलेली बॅटरी गोठून फुटते, भरलेली सहसा गोठत नाही. सिमेंटवर ठेवली की बॅटरी उतरते असं जुने लोक म्हणतात. प्लास्टिकच्या डब्याच्या बॅटरीला तसं काही होत नाही, पण फळीवर ठेवली तर बिघडतही नाही, तेव्हा त्यावरून घरात वाद नको.

आणि ऑगस्ट. ३१ जुलैला रात्री इंजिन काढून १ तारखेला पहाटे बाहेर, असं करू नका. निदान आठ दिवस आधी काढा. लाल चिंधी काढा, भोकात पातळ तार फिरवा, ताजं इंधन, प्लग पुसून किंवा नवे. टू-टी तेलामुळे पहिली काही मिनिटं धूर येईल, घाबरू नका. होडी जेटीला दोन दोरांनी बांधून अर्धा तास चालवा, थोडा वेळ गिअर टाकूनही. पाण्याची धार जोरात यायला हवी आणि हाताला कोमट लागायला हवी. धार नसेल तर लगेच बंद. भोक साफ असूनही धार नाही, तर दोष आत आहे, इम्पेलरमध्ये किंवा वाटांमध्ये. ती होडी त्या दिवशी मुखाबाहेर नेऊ नका, मासळी कितीही लागलेली असो. पहिली फेरी दोन होड्यांनी मिळून करा, नांगर दोरासकट हाताशी, जॅकेट अंगावर.

सोसायटीने यंदा जेटीवरच्या शेडमध्ये दोन ड्रम आणि घोडी ठेवली आहे. २५ मेपासून रोज सकाळी सात ते अकरा मिस्त्री तिथे असतील. ड्रमचं पाणी सोसायटीचं, गिअर ऑइल आणि इम्पेलर ज्याचा त्याने आणायचा. एका इंजिनाला तासभर लागतो, म्हणून आधी ऑफिसात येऊन नाव नि वेळ लिहून जा. ज्यांचं इंजिन जड आहे आणि घरी उचलायला माणूस नाही, त्यांनी तसं नावापुढे लिहा, पोरं पाठवतो.